खाडा पडल्यानंतरचा दिवस

या आठवड्यात डंबेल आणि वजनं उचलण्याबद्दल लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढे ढकलतो आहे, कारण सांगलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न मला जास्त निकडीचा वाटतो. गुढीपाडव्यापासून त्या रोज पहाटे पाऊण तास फिरायला जात होत्या. आषाढात पावसानं झड लावली, पाठोपाठ घरी पाहुणे आले आणि दोन आठवडे पाय घराबाहेर पडला नाही. मग काट्यावर उभ्या राहिल्या, तर वजन दीड किलोनं वाढलेलं. ‘एवढ्या महिन्यांचं सगळं पाण्यात गेलं. आता गणपती झाले की नव्यानं सुरू करेन,’ असं त्या लिहितात.

ताई, गणपतीपर्यंत थांबू नका.

आधी त्या दीड किलोचा हिशोब करू. मध्यम बांध्याचा माणूस पाऊण तास भरभर चालला, तर साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात. चौदा दिवस चुकले म्हणजे अठ्ठावीसशे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे न चालल्यामुळे वाढलेली चरबी फार तर साडेतीनशे-पावणेचारशे ग्रॅम. थोडी पाहुण्यांसोबतच्या पंगतींमधून आली असेल. उरलेलं बरंचसं वजन पाण्याचं आहे. भजी, पापड, लोणचं यांतून मीठ वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं. भात-पोळी जास्त झाली की स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजेनचा साठा वाढतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. रोजचं जेवण आणि चालणं सुरू झालं की हे पाणी काही दिवसांत उतरतं.

दुसरी गोष्ट दम लागण्याची. पुन्हा सुरुवात केली की पहिल्या दिवशी धाप लागते आणि माणसाला वाटतं, आपण होतो तिथेच येऊन पडलो. ती धाप खरी असते. व्यायाम थांबला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण घटतं, हृदयाच्या दर ठोक्यामागे कमी रक्त बाहेर पडतं आणि तोच चढ जड जातो. पण हा द्रव जसा लवकर घटतो, तसा लवकर भरूनही येतो. पायांची ताकद तर दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीत फारशी कमी होतही नाही.

मग माणसं सोडून का देतात? माझ्या मते, ‘साखळी तुटली’ या धास्तीनं. एकवीस दिवस सलग केलं की सवय लागते, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की बाविसाव्या दिवशी खाडा पडला तर सारं मुसळ केरात गेल्यासारखं वाटतं. या एकवीसचं मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पहाटे उठून चालण्याशी त्याचा काय संबंध? लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या एकेका नव्या सवयीचा बारा आठवडे माग काढला. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक ६६ आला, आणि पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिती अंदाजाचे). व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या वाटचालीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

याहून मोठा प्रयोग २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. अमेरिकेतल्या एका जिम-साखळीच्या एकसष्ट हजारांवर सभासदांवर चार-चार आठवड्यांच्या चोपन्न वेगवेगळ्या युक्त्या करून पाहिल्या गेल्या. बक्षिसं, आठवणीचे संदेश, आधीच वेळ ठरवून घेणं, असं बरंच काही होतं. पहिली आली ती युक्ती अगदी साधी: व्यायाम चुकला तर त्यानंतर परत येणाऱ्याला थोडे जादा गुण, किंमत सुमारे नऊ सेंट. या गटाच्या जिममधल्या फेऱ्या तुलनेच्या गटापेक्षा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढल्या. नऊ सेंटसाठी कोण पहाटे उठतं? मला वाटतं, तिथे पैशापेक्षा मोठं काम केलं ते ‘चुकलं तरी परत ये’ या निरोपानं. चार आठवडे संपल्यावर बहुतेक युक्त्यांचा असर ओसरला, हेही सांगायला हवं. म्हणूनच परत येण्याची सोय आपली आपणच कायमची लावून ठेवायची.

आमच्या टेकडीवर एक निवृत्त एसटी वाहक येतात. त्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेलं ‘कालनिर्णय’ मी पाहिलं आहे. आलेल्या दिवसांवर त्यांची काहीच खूण नसते. खाड्यानंतर ज्या दिवशी परत आले, त्या तारखेभोवती तेवढा लाल पेनानं गोल. जून ते सप्टेंबरच्या पानांवर गोल जास्त, हिवाळ्यात एखाद-दुसरा. ‘या तारखांना मी हरलो नाही,’ असं ते पानावर बोट ठेवून सांगतात. त्यांचा आणखी एक दंडक मी उचलला आहे: परतीच्या दिवशी निम्माच व्यायाम. पाऊण तासाऐवजी वीस मिनिटं, बारा सूर्यनमस्कारांऐवजी सहा. बुडालेलं भरून काढायला दुप्पट करणाऱ्याचे गुडघे आणि पोटऱ्या दुसऱ्या दिवशी धरतात आणि नवा खाडा पडतो.

पावसाचं म्हणाल तर बूट भिजले की आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत बरेच सुकतात. झड थांबतच नसेल तर इमारतीचा जिना आहे, घरातल्या घरात जागच्या जागी चालणं आहे. चालण्याची रोजची वेळ मात्र तीच ठेवा. वेळ टिकली की पाऊस उघडल्यावर बाहेर पडणं सोपं जातं.

सणाच्या मुहूर्तावर सुरुवात करायला माझी हरकत नाही. सोमवार, पहिली तारीख, वाढदिवस अशा दिवसांनंतर माणसं जिमला जास्त जातात, हे अभ्यासातही दिसलं आहे. पण मुहूर्त दूर असला की मधले दिवस फुकट जातात, आणि गणपतीत मोदक, गौरीचं जेवण, पाहुणे हे सगळं आहेच. तेव्हा ताई, उद्या सकाळी वीस मिनिटं चाला, तारखेभोवती गोल करा आणि दोन आठवडे काट्यावर उभ्या राहू नका. त्यानंतर काय झालं ते मला जरूर कळवा. डंबेलचं पुढच्या आठवड्यात नक्की.