शरीराचाही वाफसा सांभाळा



गळीत हंगाम संपला, की शेतकी खात्याच्या माणसाला चार दिवस उसंत मिळते. त्या सवडीत मे महिन्यात आपल्या गटातील काही सभासदांबरोबर आम्ही कोकणात जाऊन आलो. अलिबाग, रेवदंडा पाहून मुक्काम काशीदला केला. अलिबाग-मुरूड रस्त्यावरचे, मुरूड तालुक्यातले हे गाव. एका अंगाला फणसाड अभयारण्याचे डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे नारळी-पोफळीच्या वाड्या.

सकाळी सगळे पुळणीवर फिरायला निघालो. अर्ध्या वाटेतच निम्मी मंडळी धापा टाकत वाळूत बसली. एक सभासद म्हणाले, "साहेब, आम्ही जन्माचे शेतकरी. चार पावलांत दम का लागावा?" आम्ही म्हटलं, भुसभुशीत वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा सुमारे दुप्पट शक्ती लागते. ते खरंच आहे. पण तेवढंच कारण नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही. सबंध हंगामभर आम्ही गावोगाव एकच वाक्य ऐकलं होतं : "साहेब, अंगात त्राण राहिलं नाही."

परत येताना एका वाडीत शिरलो. वाडीचे मालक सत्तरीच्या घरातले, पण पोफळीच्या रोपांना आळी करत होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुनी वाडी आडवी झाली, आता नवी लावली म्हणाले. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. या वयात एवढा उत्साह कुठून आणता, असं विचारलं. काका हसले. "त्यात काय हाय? उजाडायच्या आत उठायचं, नाचणीची भाकरी खाऊन कामाला लागायचं. उन्हं तापली की घरात. चार वाजता परत वाडीत. रात्री नवाला अंथरूण. झाडाला पाणी सकाळी, माणसाला झोप रात्री."

हे शेवटचं वाक्य आमच्या मंडळींच्या मनाला लागलं. कारण आपल्याकडे नेमकं उलटं चाललं आहे. उसाला पाणी रात्री, आणि माणसाला झोप मिळालीच तर दिवसा!

वाफसा म्हणजे काय, ते शरीरालाही लागू

आम्ही शिवारफेरीत नेहमी सांगतो, की उसाच्या मुळांना नुसतं पाणी नको, वाफसा हवा. जमिनीत पाणीही असावं आणि हवाही खेळावी. पाण्यावर पाणी देत राहिलं तर मुळी गुदमरते, पान पिवळं पडतं. मग शेतकरी म्हणतो खत कमी पडलं, आणि आणखी युरिया टाकतो.

शरीराचं असंच आहे. काम आणि विश्रांती यांचा मेळ म्हणजे शरीराचा वाफसा. तो मोडला की थकवा येतो. मग आपण चहा मारतो, तंबाखूची चिमूट धरतो, बायका मिश्री लावतात. तेवढ्यापुरती तरतरी येते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. हा पिवळ्या पानावर युरिया टाकण्याचाच प्रकार झाला.

रात्रीची पाळी

शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. ते कसं चालतं याचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. दिवसाची झोप कमी आणि सावध असते, म्हणून रात्रीची उणीव तिने पुरती भरून निघत नाही.

आपल्या कार्यक्षेत्रातली एक गोष्ट सांगतो. एक तरुण सभासद सलग चार रात्री दारं धरत होता. पाचव्या पहाटे मोटार बंद करून मोटारसायकलवर घरी निघाला आणि गाडीवरच डोळा लागला. जीव वाचला, पण पाय मोडला. त्याची आडसाली लागण त्या वर्षी झालीच नाही. अंधारात सापाचं भय असतं ते आपण जाणतो. झोपेचं भयही तेवढंच आहे.

रात्रीची वीज आपल्या हाती नाही, हे खरं. पण काही गोष्टी हाती आहेत. घरात दोघं-तिघं असतील तर रात्री वाटून घ्या, एकानेच सगळा आठवडा ओढू नये. पाळीवर जाण्याआधी संध्याकाळी तासभर पडा. सकाळी आल्यावर अंधाऱ्या खोलीत झोपा, आणि घरच्यांनी त्या वेळेत हाका मारू नयेत. ठिबक केलं तर दारं धरायला उभं राहावं लागत नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना सुरू झाली. आपल्या भागात त्यातलं काय मिळू शकतं याची चौकशी गटागटाने, एकत्र करावी.

चहाचा हिशेब

हे लिहिताना आम्हाला जरा संकोच होतो, कारण साखर हेच आपलं पीक. पण सभासदांशी खोटं बोलणं हे शेतकी खात्याचं काम नव्हे. आम्ही रोज आठ-दहा घरी जातो आणि प्रत्येक घरी चहा होतो. नाही म्हटलं तर घरची माणसं नाराज होतात. आठ कप आणि कपाला दोन चमचे धरले तर सोळा चमचे, म्हणजे सुमारे ८० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा सर्वसाधारण आहारात दिवसाला सुमारे ५० ग्रॅम, आणि २५ च्या आत राहिलात तर अधिक बरं. गूळ घेतला तरी तो याच हिशेबात धरायचा. दोन वर्षांपूर्वी आमच्या रक्तातली साखर काठावर आली, तेव्हापासून आम्ही दिवसाला दोन कपांवर आलो आहोत. आता कुणी रागावत नाही, ताक देतात!

दुसरं असं, की संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहातलं निम्मं उत्तेजक द्रव्य रात्री दहाच्या सुमारास अंगात शिल्लक असतं. मग झोप लागत नाही, सकाळी अंग जड होतं, आणि पुन्हा चहा. हे चक्र तोडायचं असेल तर दुपारनंतरचा चहा आधी सोडा.

उपाशीपोटी शेतात जाऊ नका

सकाळी चहा-बिस्किटावर निघून दुपारी दोनला पहिली भाकरी मोडणारे सभासद शेकड्याने आहेत. आठच्या आत भाकरी, सोबत उसळ, अंडं किंवा ताक पोटात गेलं पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं सांगितली. त्यात सर्वसाधारण माणसाच्या रोजच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस-मासे धरले आहेत. आपल्या ताटात भाकरी-भात डोंगराएवढा आणि डाळ पळीभर असते. बांधावर तूर, परसात शेवगा आणि दोन वाफे मेथी-पालक लावायला कुणाचं कर्ज काढावं लागत नाही.

विश्रांतीने टनेज वाढलं!

सावलीत बसला तो आळशी, असा आपला समज आहे. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशाचं उदाहरण यासाठी सांगतो. तिथे ऊसतोड कामगारांत मूत्रपिंडाचा आजार फार. उन्हातलं कष्टाचं काम आणि अपुरं पाणी हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. २०१४-१५ च्या हंगामात तिथल्या काही तोडणीवाल्यांना पाठीवर पाण्याची पिशवी दिली, फडात सावलीचा तंबू दिला, ठरावीक वेळाने विश्रांती दिली आणि सुधारलेला कोयता दिला. माणशी दिवसाची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. कोयत्याचाही त्यात वाटा आहे, पण बसायला वेळ दिल्याने काम घटलं नाही, हे लक्षात घ्या.

म्हणून उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या, तहानेची वाट पाहू नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. उन्हाळ्यात जड कामं अकराच्या आत आणि चारनंतर करा. आपल्या फडात येणाऱ्या टोळीलाही पिण्याचं पाणी आणि सावली मिळते ना, हे पाहणं सभासदाचं कर्तव्य आहे.

घरची लक्ष्मी

भगिनींच्या थकव्याला घरात कुणी थकवा म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून अधिक! सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी, उरलंसुरलं जेवणारी बाई थकणार नाही तर काय? घरात एकत्र जेवायची पद्धत पाडा. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. जेवणानंतर तासभर चहा टाळा, कारण तो लोह शोषू देत नाही. हिमोग्लोबिन स्त्रीचं १२ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर औषधोपचार लागतो. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

एवढं करून पाहा

लागणीआधी आपण माती तपासतो, तसं वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या. पुरेशी झोप आणि जेवण असूनही दोन-तीन आठवडे थकवा जात नसेल, वजन उतरत असेल, सारखी तहान लागत असेल किंवा खोकला हटत नसेल तर अंगारे-धुपारे आणि टॉनिकच्या बाटल्या सोडून डॉक्टर गाठा. मधुमेह, क्षय, थायरॉइड यांची सुरुवात अशीच होते. आणि रोज निदान एकदा गाडी रस्त्याला लावून बांधाने पायी फिरा. पीक पाहून होईल आणि अंगही मोकळं होईल.

काशीदहून निघताना काकांनी प्रत्येकाच्या हातात शहाळं ठेवलं. धापा टाकणारे सभासद गाडीत बसताना म्हणाले, "साहेब, आजपासून रात्रीची पाळी थोरल्याबरोबर वाटून घेतो. खोडवा काय, पुन्हा फुटतो. माणसाचा खोडवा घेता येत नाही."

आम्हाला वेगळं काही सांगायचं नाही.

जय किसान, जय सहकार!