जुनी स्नोमोबाइल: टर्बो घ्यावी की स्टॉक?

भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले, की कोलोरॅडोतलं प्रत्येक मराठी कुटुंब त्यांना एकदा तरी पाइक्स पीकवर नेतं. वर १४,१०० फुटांवर सगळ्यांना धाप लागते. तिथले प्रसिद्ध डोनट खाऊन, फोटो काढून आपण खाली उतरतो. याच डोंगरावर १९१८ साली सॅनफर्ड मॉस नावाच्या जनरल इलेक्ट्रिकमधल्या इंजिनिअरने एक प्रयोग केला. 'लिबर्टी' नावाचं विमानाचं इंजिन त्याने ट्रकवर लादून वर नेलं. समुद्रसपाटीला ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन शिखरावर जेमतेम २३० देऊ लागलं. इंजिनालाही धाप लागली होती म्हणा ना! मग त्याने त्याच इंजिनाला धुराच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप, म्हणजे टर्बो, जोडला आणि आकडा ३५६ वर गेला.

हा शंभर वर्षांपूर्वीचा किस्सा आज सांगायला एक कारण आहे. गेली काही वर्षं आपल्या मंडळातली तरुण मुलं स्नोमोबाइल घ्यायला लागली आहेत. मी आयुष्यभर थर्मोडायनॅमिक्स शिकवलं हे ठाऊक असल्याने त्यांतली काही जण माझ्याकडे येतात. प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "काका, नव्या स्टॉकच्या पैशांत जुनी टर्बो मिळतेय. घेऊ का?" त्यांचे आई-वडील मला बाजूला घेऊन वेगळंच विचारतात, "हे खूळ मुळात हवंच कशाला?" या दुसऱ्या प्रश्नाला मी हात घालत नाही. पहिल्याचं उत्तर मात्र बरंचसं मॉसच्या त्या प्रयोगातच आहे.

ज्यांनी हे वाहन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पुढे दोन स्की, मागे रबराचा लांब पट्टा, मध्ये इंजिन. डोंगरासाठीच्या मॉडेलचा पट्टा १५४ किंवा १६५ इंच लांब असतो आणि त्यावर अडीच-तीन इंच उंचीचे वल्ह्यासारखे दात असतात, म्हणजे भुसभुशीत बर्फात ती रुतत नाही. इंजिन बहुधा ८५० सीसीचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. लूना किंवा जुनी चेतक चालवलेल्यांना टू-स्ट्रोकची ओळख करून द्यायला नको. पेट्रोलपंपावर ऑइल मिसळून घेण्याची कटकट आता उरलेली नाही, ते आपोआप मिसळतं. पण इंजिनाचा स्वभाव तोच. हलकं, तापट, आणि वंगण कमी पडलं तर क्षमा न करणारं. 'स्टॉक' म्हणजे कारखान्यातून बाहेर पडली तशीच, फेरफार न केलेली गाडी. बोलताना बहुतेक जण बिनटर्बोच्या गाडीला स्टॉक म्हणतात, मीही इथे तसंच म्हणतो.

आता हवेचा हिशेब. समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पाउंड असतो. डेन्व्हर साधारण कळसूबाईच्या उंचीवर आहे, तिथेच तो बराच उतरलेला असतो. रॅबिट इअर्स पासवर आपण साडेनऊ हजार फुटांच्या जवळ पोचतो, आणि दहा हजार फुटांवर दाब उरतो सुमारे १०.१ पाउंड. ढोबळ नियम असा, की दर हजार फुटांना इंजिन तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे कागदावर १६५ हॉर्सपॉवरची स्टॉक गाडी आपल्या डोंगरात १२०च्या आसपासच असते. ज्याला कमी पडलेले साडेचार पाउंड परत मिळाले, त्याला आपली १६५ परत मिळाली. मॉसने नेमकं एवढंच केलं होतं. उंचीने जे घेतलं ते त्याने परत आणलं. इंजिन खाली जेवढं जोर सोसायचं तेवढाच त्याला वर सोसावा लागला.

म्हणून जुनी टर्बो बघायला जाणाऱ्याने विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा: बूस्ट किती पाउंडांवर ठेवलाय? उत्तर पाचच्या आत-बाहेर असेल तर ही गाडी उंचीची भरपाई करत होती. "दहा-बारा" असं अभिमानाने सांगितलं, तर बेरीज करा. दहा हजार फुटांवर त्या इंजिनात २० ते २२ पाउंड दाबाची हवा कोंबली गेली आहे, म्हणजे मुंबईच्या चौपाटीवर स्टॉक इंजिनाला मिळाली असती त्याच्या जवळजवळ दीडपट. ते बनवताना हा आकडा कोणी धरला नव्हता. दोन्ही गाड्यांच्या जाहिरातीत शब्द 'टर्बो' हाच असतो, पण त्या एका जातीच्या नाहीत.

इथेच कारखान्याचा टर्बो आणि बाहेरून किट आणून बसवलेला टर्बो यांतला फरक येतो. स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये टू-स्ट्रोक इंजिनावर पहिल्यांदा कारखान्यातच टर्बो बसवून दिला; आठ हजार फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर टिकवून धरणं एवढाच त्याचा दावा होता. २०२२ च्या मॉडेलमध्ये पोलारिसही आली. या गाड्यांतला संगणक बाहेरच्या हवेचा दाब मोजतो आणि कमी पडेल तेवढंच भरतो. साध्या किटमध्ये मात्र बरेचदा एक स्प्रिंग असते. ती सहा पाउंडांची असेल तर बाहेर जी हवा असेल तिच्यावर सहा पाउंड चढवते, मग तुम्ही कुठेही असा. डोंगरात बेरीज १६ होते. तीच गाडी कोणी विकत घेऊन मिनेसोटाला भावाकडे नेली आणि तलावावर पळवली, तर बेरीज वीसच्या पुढे. गाडीत काहीच बदललेलं नसतं, फक्त पत्ता बदललेला असतो.

दाब वाढला की उष्णता वाढते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते, तेच इथे मिनिटाला हजारो वेळा होतं. सिलिंडरमधलं पेट्रोल ठिणगीची ज्वाळा पोचण्याची वाट न बघता आपणहून भडकू लागलं, की त्याला आपण नॉकिंग म्हणतो. गाडीत ते ऐकू तरी येतं. हेल्मेट घातलेल्या माणसाला आठ हजार आरपीएमवर काहीही ऐकू येत नाही, आणि काही सेकंदांत पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकतं. कोलोरॅडोत साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं, हे बाहेरून आलेल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. विरळ हवेत इंजिन सहसा नॉक होत नाही, या हिशेबावर ती जुनी पद्धत चालत आली आहे. टर्बोला तो हिशेब लागू नाही, कारण टर्बोने हवा विरळ ठेवलेलीच नसते. कारखान्याच्या टर्बोला ९१ चालतं. जास्त बूस्टच्या किटला रेसिंगचं पेट्रोल मिसळावं लागतं, आणि ते गावोगावच्या पंपांवर मिळत नाही. आधीच्या मालकाने तीन वर्षांत एकदा, रविवारी संध्याकाळी घाईत, जे समोर होतं ते भरलं असेल का? हे त्याच्याशिवाय कोणालाही माहीत नसतं.

माझ्या दृष्टीने खरा मुद्दा हाच आहे. जुनी गाडी घेताना आपण यंत्र घेतो त्याहून जास्त आधीच्या मालकाच्या सवयी घेतो. आपल्याकडे पूर्वी जाहिरातीत 'डॉक्टरांनी वापरलेली' असं लिहीत, ते काही उगीच नव्हे. स्टॉक इंजिन डोंगरात कायम आपल्या कुवतीपेक्षा खाली चालत असतं, त्यामुळे हलगर्जी मालकही त्याचं मर्यादितच नुकसान करू शकतो. किट बसवलेल्या गाडीत ती मर्यादा मालकाच्या हातात असते.

गेल्या हिवाळ्यात मंडळातल्या एका मुलाबरोबर मी अशी गाडी बघायला गेलो होतो. "काका, ही स्टॉकच आहे. आधी टर्बो होता, पण त्यानं काढून टाकलाय," तो वाटेत सांगत होता. माझ्या मते सगळ्यांत जास्त सांभाळून राहायचं ते अशा गाडीपासून. टर्बो असलेली गाडी निदान खरं बोलते. ही मात्र टर्बोचं आयुष्य जगून स्टॉकच्या भावात उभी असते. आम्ही हुड उघडलं. एक्झॉस्टच्या पाइपवर सेन्सरसाठी पाडलेलं भोक वेल्डिंगने बुजवलेलं होतं. जादा फ्युएल पंपाची वायर कापून टेपने गुंडाळली होती. बाजूच्या पॅनेलवर वाफाळलेल्यासारखा डाग होता. दोन्ही प्लग काढून गेज लावला, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला आणि दोरी ओढली. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन ११०, दुसऱ्याचं ९०. उंचावर दोन्ही आकडे कमीच येणार, त्याला हरकत नाही. पण दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चंदेरी कण दिसत होते. ते ॲल्युमिनियम होतं, पिस्टनचं. मुलगा काही बोलला नाही. येताना मात्र गाडीत म्हणाला, "तो माणूस चांगला वाटत होता हो." असेलही. त्याने कदाचित स्वतःही ती अशीच घेतली असेल.

बाकीच्या तपासण्या दोन्ही प्रकारांना सारख्याच, म्हणून भराभर सांगतो. मैल बघाल तसे इंजिनाचे तासही बघा. मैलांना तासांनी भागलं की गाडी सरासरी किती वेगाने चालली ते कळतं. तो वेग फार कमी आला तर ती रस्त्यावर कमी आणि चढावर कण्हत जास्त चालली आहे. मागून वाकून पट्ट्यावरचं ॲल्युमिनियमचं छत सरळ आहे का बघा. त्याच्या आतल्या बाजूला कूलंट थंड करणाऱ्या पट्ट्या असतात, तिथे गळती नको. पुढच्या स्कीचे आर्म वाकलेले नसावेत. चेसिस नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवा. क्लचचा बेल्ट काळवंडलेला असेल तर ताकद आणि क्लचची वजनं यांचा मेळ बसलेला नाही. टर्बो काढून टाकताना ती वजनं बदलायला लोक हमखास विसरतात.

पैशांचं म्हणाल, तर कारखान्याची नवी टर्बो गाडी वीस हजार डॉलरच्या घरात जाते. जुनी किटवाली त्याच्या निम्म्यात मिळते, आणि म्हणूनच मुलांना मोह होतो. पण किट बसवलेल्या इंजिनाला कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा नाकारली जाते, आणि एकदा पिस्टन-सिलिंडर गेले की वाचवलेल्या पैशांतला मोठा भाग तिथेच जातो. उलट कारखान्याच्या टर्बोची उरलेली वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, हे डीलरला चेसिस नंबर सांगून एका फोनवर विचारता येतं.

आता पालकांच्या काळजीचं. ताकद वाढली की माणूस जास्त उभ्या चढावर जाऊन येऊ शकतो. आणि हिमस्खलन होतं ते मुख्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरच. स्टॉक गाडी जिथे अर्ध्यात दम सोडून वळायला लावते, तिथे टर्बो तुम्हाला उताराच्या नेमक्या मधोमध, वरच्या कडेखाली पोचवतो. आपल्या कोलोरॅडोचा बर्फ खास दगाबाज आहे. थंडीच्या सुरुवातीचा पातळ थर तळाशी साखरेसारखा सुटा होतो आणि पुढचे सगळे थर त्याच्यावर रचले जातात. हिमस्खलनात सर्वांत जास्त माणसं याच राज्यात गेली आहेत. बहुतेक वेळा तो कडा मेलेल्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्याने स्वतःच मोडलेला असतो. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची आशा चांगली असते, नंतर ती झपाट्याने घटते. एवढ्या वेळात बाहेरून मदत येत नाही. जे सोबत असतील तेच खणतात. प्रत्येकाच्या अंगावर बीकन, पाठीवर फावडं आणि प्रोब हवा, आणि ते वापरायचा सराव हवा. एअरबॅगची पिशवीही घ्यावी. राज्याचं हिमस्खलन केंद्र थंडीत रोज अंदाज प्रसिद्ध करतं, तो निघण्यापूर्वी वाचावा. एकजण चढावर अडकला तर बाकीच्यांनी खालीच, बाजूला थांबायचं. त्याला मदत करायला म्हणून त्याच उतारावर दुसरी गाडी घालायची नाही. हे मुलांना पटवणं फार अवघड जातं, कारण मित्र अडकलेला समोर दिसत असतो.

म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी असं सांगतो. पहिली गाडी असेल तर जुनी स्टॉक घ्या, शक्यतो एकाच मालकाची, आणि टर्बोच्या किमतीशी जो फरक उरेल त्यातून आधी हिमस्खलनाचा कोर्स आणि सामान घ्या. दोन-तीन हंगाम झाले आणि १२० हॉर्सपॉवर खरोखर कमी पडू लागली, तर कारखान्याची टर्बो, सर्व्हिसच्या नोंदींसह. किटवाली गाडी फक्त त्यानेच घ्यावी जो स्वतः सिलिंडर उघडून परत बसवू शकतो, किंवा ज्याने ते किट बसवलं त्याला तो ओळखतो. "टर्बो काढून टाकलाय" असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत यावं.

आणि बघायला निघण्याच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला फोन करून सांगावं, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर बाकी काही बोलण्याआधी हुड उघडून सिलिंडरला हात लावावा. कोमट जरी लागलं, तरी चहा-कॉफी घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी परत यावं.