पोरगी लग्नाला येईल, पण परत जाऊ शकेल का?

आजचा विषय जरा लांबचा वाटेल, पण आता तो आपल्या वाड्यावस्त्यांपर्यंत आलेला आहे. गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीनंतर एक ताई मागं थांबल्या. त्यांची मुलगी अमेरिकेत पीएचडी करते, सहावं वर्ष चालू आहे. धाकट्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात धरायचं चाललं होतं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, माझा व्हिसा संपलाय. आले तर परत जाताना अडकेन." ताईंच्या पोटात गोळाच आला. व्हिसा संपला म्हणजे पोरगी तिथं चोरून राहते की काय? पोलिसांनी धरलं तर? घरात कुणाला सांगावं तर भावकीत चार तोंडांनी बोललं जाणार. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आणि खरी गोष्ट अशी की त्या मुलीचं काहीही चुकलेलं नव्हतं. व्हिसा संपूनही ती तिथं अगदी कायदेशीर राहत होती. हे कसं, ते आज समजून घेऊ. कारण भारतातून अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांचा आकडा २०२४-२५ या वर्षात ३ लाख ६३ हजारांच्या वर गेला. त्यातली सगळी मुंबई-पुण्याची नाहीत. कर्ज काढून, जमीन तारण ठेवून पाठवलेलीही आहेत.

चार कागद लक्षात ठेवायचे: पासपोर्ट, व्हिसा, आय-२० आणि आय-९४. पासपोर्ट आपल्या सरकारचा, तो सगळ्यांना माहीत आहे. बाकी तिघांचा घोळ होतो.

आय-२० म्हणजे काय? आपली पोरं एसटीचा पास काढायला शाळेतून बोनाफाईड आणतात ना, तसलाच हा कागद. ही मुलगी आमच्याकडे शिकते, अमुक अभ्यासक्रम आहे, अमुक तारखेपर्यंत चालेल, खर्चाची सोय अशी आहे, असं विद्यापीठ त्यावर लिहून देतं. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक वेगळं कार्यालय असतं, तिथला नेमलेला अधिकारी तो देतो. त्याच्या दुसऱ्या पानावर प्रवासासाठी सहीची जागा असते. बाहेर जाऊन परत यायचं असेल तर तिथं त्या अधिकाऱ्याची सही लागते. शिकत असलेल्यांसाठी ही सही एक वर्ष चालते. शिक्षण संपवून तिथं कामाचा अनुभव घेणारी जी मुलं असतात, ज्याला ओपीटी म्हणतात, त्यांच्यासाठी सहाच महिने. हा फरक पुष्कळ मुलांच्याही लक्षात राहत नाही.

व्हिसा हा पासपोर्टमध्ये चिकटवलेला असतो. शिक्षणासाठीचा जो असतो त्याला एफ-१ म्हणतात. आपल्याकडच्या मुलांना तो साधारण पाच वर्षांपर्यंतचा मिळतो. आता मुख्य मुद्दा. व्हिसा हा फक्त दारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. घरात किती दिवस राहायचं, ते त्यावर ठरत नाही. एकदा आत गेल्यावर तो संपला तरी मुलगी नीट शिकत असेल, आय-२० चालू असेल, तर तिला कुणी बाहेर काढत नाही. मात्र बाहेर पडली, की परत दारात उभं राहायला नवा व्हिसा लागतो. आणि तो अमेरिकेत बसून मिळत नाही. ताईंच्या मुलीची अडचण एवढीच होती.

राहायचं किती, ते आय-९४ वर असतं. विमानतळावर आत घेतलं की त्यांच्या संगणकात ही नोंद होते आणि मुलांना ती नेटवरून काढता येते. विद्यार्थ्यांच्या नोंदीत तारखेऐवजी 'डी/एस' अशी अक्षरं असतात. अर्थ असा की शिक्षण चालू आहे तोवर. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं ही पद्धत मोडून ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून दर वेळी परत पोहोचल्यावर "आय-९४ काढून बघितलास का, काय लिहिलंय?" असं फोनवर विचारत चला. पोरं म्हणतील, आईला काय कळतंय! म्हणू द्या.

आता मुलगी सुट्टीला यायची म्हणते, तेव्हा आईनं काय विचारायचं? पहिलं, व्हिसाची तारीख कधीपर्यंत आहे. ती परत जाण्याच्या दिवसाच्या पुढची असेल तर निम्मं काम झालं. दुसरं, आय-२० वरची सही कधीची आहे. पासपोर्ट संपत आला असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतही नवा करून मिळतो. जुन्या पासपोर्टात व्हिसा चालू असेल तर तो वाया जात नाही, दोन्ही पासपोर्ट जोडीनं घेऊन फिरायचे. जुना पासपोर्ट आता कशाला म्हणून घरी कपाटात ठेवून गेलेली पोरं आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

व्हिसा संपला असेल तर मात्र बसून हिशोब करायचा. मुलीला भारतात येऊन नव्यानं अर्ज करावा लागतो. अर्जाची फी १८५ डॉलर, म्हणजे आपले पंधरा हजारांच्या वर. सेव्हिस नावाची जी ३५० डॉलरची वेगळी फी पहिल्यांदा भरली होती, ती त्याच शिक्षणासाठी परत जाणाऱ्याला पुन्हा भरावी लागत नाही. कुणी एजंट मागत असेल तर विचारा कशाची. आपल्याकडच्या लोकांना मुंबई जवळची. तिथं दोन फेऱ्या पडतात, एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी वकिलातीत मुलाखतीसाठी. मुलाखत झाली की पासपोर्ट ते ठेवून घेतात आणि व्हिसा चिकटवून काही दिवसांनी परत देतात.

पूर्वी व्हिसाचं नूतनीकरण असेल तर बऱ्याच मुलांना मुलाखत माफ व्हायची, नुसते कागद पेटीत टाकून काम व्हायचं. २ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांची ही सवलत गेली. त्यामुळं "आमच्या पुतण्याचं तर चार दिवसांत झालं होतं" असं कुणी सांगितलं तर ते कधीचं, हे विचारा. त्याच वर्षी जूनपासून मुलांनी आपली सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची, असंही सांगितलं गेलं. ते लोक ती बघतात.

मुलाखतीची तारीख मिळायला कधी आठवडे जातात, कधी महिनेही. मुलाखत चांगली झाली तरी एखाद्याला चिठ्ठी देतात, अजून तपासणी बाकी आहे म्हणून. २२१(जी) असं त्या चिठ्ठीला म्हणतात. म्हणजे कायमचा नकार नव्हे, पण किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेली मुलगी दोन महिने घरी बसली, तिकडं वर्ग सुरू झाले, प्रयोगशाळेतलं काम थांबलं, असं होऊ शकतं. म्हणून आमच्या त्या ताईंना आम्ही एवढंच म्हटलं, आधी मुंबईची तारीख बघा, मग भटजींची. मुलीनं नेटवर बघितलं. मार्गशीर्षाला जमेल असं काही दिसेना. तिच्या उन्हाळी सुट्टीत, मे महिन्यात, जास्त दिवस मिळत होते. मुलीकडच्या लोकांना समजावून लग्न वैशाखात नेलं. हॉलवाल्यानं आगाऊ रकमेतले थोडे कापले. कापू दे.

मुलाखतीला कागद कोणते? आय-२०, गुणपत्रकं, पैशाची सोय दाखवणारे कागद. विद्यापीठ पगारासारखं विद्यावेतन देत असेल तर त्याचं पत्र, शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र. इथं एक गोष्ट जपून ऐका. एजंट म्हणतो, खात्यात चार दिवस वीस लाख दाखवतो, एवढे टक्के द्या. असं करू नका. खोटा कागद सापडला तर त्या मुलीचा अमेरिकेचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. असेल ती परिस्थिती खरी सांगितलेली बरी. शेतकऱ्याच्या मुलीला व्हिसा देत नाहीत, असा काही नियम नाही.

आता सगळे कागद ठीक आहेत, मुलगी परत निघाली. कागद मोठ्या बॅगेत घालायचे नाहीत. अमेरिकेत उतरल्यावर आधी अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं असतं, बॅगा नंतर मिळतात. पासपोर्ट, आय-२०, पैशाचा कागद आणि विद्यापीठाच्या त्या कार्यालयाचा फोन नंबर कागदावर लिहिलेला, हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. अबुधाबीमार्गे जाणाऱ्या काही विमानांना ही तपासणी अबुधाबीतच होते, तिथं गोंधळून जायचं कारण नाही. अधिकारी विचारतो, काय शिकतेस, कुठं, किती दिवस बाहेर होतीस. मोबाईल बघायलाही मागू शकतो. कधी बाजूच्या खोलीत बसवतात. घाबरायचं नाही, विचारलं तेवढं खरं सांगायचं. आय-२० विसरली किंवा सही जुनी निघाली, तर अधिकाऱ्याला वाटल्यास तो ३० दिवसांची मुदत देऊन आत सोडू शकतो, त्या कागदाला आय-५१५ए म्हणतात. पण ती त्याची मर्जी. त्या भरवशावर कुणी निघू नये. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर काही देश नुसत्या बदलासाठीही व्हिसा मागतात, विशेषतः अमेरिकेचा व्हिसा संपलेला असेल तेव्हा. तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारायचं.

एक चूक फार महागात पडते, ती सांगते. शिक्षण पूर्ण झालं की मुलांना आवराआवरीला ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत पुढच्या कामाच्या परवान्याचा अर्ज न करता मुलगी "जरा घरी जाऊन येते" म्हणून निघाली, तर तेच आय-२० दाखवून परत जाता येत नाही. शिक्षण संपलं, मग विद्यार्थी म्हणून कशाला येतेस, असं ते म्हणणार. तेव्हा पदवीनंतर लगेच बोलावणार असाल, तर आधी "ओपीटीचा अर्ज गेला का, आणि आत्ता निघालीस तर चालेल का, हे कार्यालयात विचारलंस का?" हे विचारा. त्या परवान्यावर काम करणारी मुलगी येत असेल तर तिला कामाचं कार्ड आणि नोकरीचं पत्रही बरोबर लागतं.

आता जड गोष्ट. घरात कुणी अत्यवस्थ झालं, किंवा गेलं, तर? तेव्हा पोरगी सही शोधत बसणार का? म्हणून प्रवासाचा विचार नसला तरी दर वर्षी सही ताजी करून ठेवायला सांगा. त्याला पैसे लागत नाहीत, आणि आता बरीच विद्यापीठं सही केलेला आय-२० ईमेलनंच पाठवतात. व्हिसा चालू आणि सही ताजी असेल तर मुलगी त्या रात्रीसुद्धा निघू शकते. व्हिसा संपलेला असेल तरी येऊ शकते, आपल्याच देशात यायला तिला कुणी अडवत नाही. परतीसाठी तातडीची तारीख मागायची सोय आहे, पण ती मिळेलच असं नाही. आईच्या दुखण्यासाठी बरेच दिवस राहायचं असेल तर निघण्याआधी विद्यापीठाच्या कार्यालयाला कळवायला हवं. न कळवता वर्ग सुटले तर नोंद बंद होते. आणि पाच महिन्यांपेक्षा जास्त काळ शिक्षण सोडून बाहेर राहिली तर बहुधा जुन्या आय-२० वर जाता येत नाही, सगळं नव्यानं करावं लागतं. दुखणं लपवू नका तिच्यापासून, पण "आत्ताच्या आत्ता ये, कागदाचं नंतर बघू" असंही म्हणू नका. अर्धा दिवस तिला फोन करायला द्या.

फोनवरून आठवलं. "आम्ही इमिग्रेशनमधून बोलतोय, तुमच्या मुलीचा कागद खराब झालाय, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक होईल" असे फोन मुलांनाही येतात, घरच्यांनाही. सरकार असं फोनवर पैसे मागत नाही. ठेवून द्या आणि मुलीला कळवा.

शेवटी बॅग. गोडा मसाला, चटण्या, लाडू द्या, पण खाण्याचं काय आहे ते मुलीनं तिथं विचारल्यावर सांगायला हवं. ताजी फळं, मटणाचं काही, लावायचं बियाणं देऊ नका. कढीपत्त्याची ओली डहाळीसुद्धा चालत नाही. तिच्यातून तिथल्या संत्री-लिंबाच्या बागांना रोग लागतो म्हणून ती काढून टाकतात, आणि लपवली तर दंड. त्या ताईंनी मुलीसाठी कढीपत्ता वाळवायला घातलाय. वाळलेला तरी नेता येतो का, ते मुलीला आधी तिथल्या नियमात बघायला सांगितलंय. मे महिन्याला अजून वेळ आहे.

पुढच्या गुरुवारी याच वेळेला शैक्षणिक कर्जाचा हप्ता कधी सुरू होतो, त्यावर बोलू. प्रश्न असतील तर गटाच्या वहीत लिहून ठेवा. नमस्कार.