कारवान : माळावरचा कुत्रा, चौथ्या मजल्यावर

३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्री पाळा, असे सांगितले आणि मुधोळ हाउंड, राजपलयम, चिप्पीपराई, कोंबाई ही नावे एकदम घरोघर पोहोचली. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डच्या पलीकडे न पाहणाऱ्या शहरी माणसाला कळले की सांगली-सोलापूरच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या एक उंच, सडपातळ, निमुळत्या तोंडाचा कुत्रा, कारवान, पळतो आहे. कौतुक झाले ते चांगलेच. पण कौतुकापोटी कुत्रा निवडणे ही फार कच्ची रीत. हा कुत्रा माळाने घडवला आहे. तो घरी आणणाऱ्याने आधी माळाची सोय पाहावी आणि मग पिल्लू पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माणदेश, जत, सांगोला, मंगळवेढा, तिथून खाली विजापूर-बागलकोट हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. झाडी विरळ, बाभळी आणि हिवर, बाकी कुसळी गवत. इथे ससा उठला की लांबपर्यंत दिसतो. त्यामुळे नाक खाली घालून माग काढणाऱ्या कुत्र्यापेक्षा नुसत्या नजरेने हेरून पळत सुटणारा कुत्रा उपयोगाचा. कोकणातल्या दाट रानात हाच कुत्रा बिनकामाचा ठरला असता, कारण दोन झुडपांआड ससा गेला की त्याची शिकार संपली. इराणी साळुकी, मध्य आशियातला ताझी आणि आपला कारवान यांची ठेवण इतकी मिळतीजुळती आहे की व्यापारी आणि लष्करी तांड्यांबरोबर हे रक्त दख्खनेत उतरले असावे, असे बहुतेक जाणकार मानतात. परंपराही तेच सांगते.

मुधोळ हे घटप्रभेच्या काठचे घोरपड्यांचे संस्थान. आज ते कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा ते मुंबई प्रांतात गेले आणि १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत म्हैसूर राज्याकडे. इथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर आणि इतर स्थानिक लोकांकडची ही शिकारी कुत्री हेरली, निवडून जोपासली आणि एक जोडी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, भेट दिली. तेव्हापासून साहेबी कागदांत ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र याच कुत्र्याची नोंद ‘कॅरॅव्हान हाउंड’ म्हणून करते आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. नावावरून वाद घालणाऱ्यांना घालू द्यावा. माळावरचा माणूस त्याला कारवान किंवा कारवानी म्हणतो. अंगावर आखूड, गुळगुळीत केस असतील तो कारवान, आणि कानांवर व शेपटीवर रेशमासारखी झालर असेल तो पश्मी. पश्मी लातूरकडे अधिक दिसतो. या कुत्र्यांवर मराठी माणसाने लवकर लक्ष घातले होते, हेही सांगायला हवे. डब्ल्यू. व्ही. सोमण यांचे ‘द इंडियन डॉग’ हे पुस्तक १९६३ चे. थिओडोर भास्करन यांचे ‘द बुक ऑफ इंडियन डॉग्ज’ येईपर्यंत मध्ये अर्धे शतक गेले.

शरीर पाहिले की या कुत्र्याचे सगळे वागणे उलगडते. चार पायांवर पळणारे बहुतेक प्राणी एका ढांगेत एकदाच जमीन सोडतात. ही जात दोनदा सोडते : एकदा पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा आणि एकदा पुढचे-मागचे पाय ताणून लांब फेकले जातात तेव्हा. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. छाती खोल, कंबर बारीक, मांड्या पीळदार, अंगावर चरबी जवळपास नाही. लांबट डोक्याच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत दृष्टिपेशी क्षितिजासारख्या आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात. म्हणून माळाच्या टोकावरची किंचितशी हालचाल त्यांना टिपता येते. आपल्याला जे दिसतही नाही, त्यामागे कुत्रा सुटलेला असतो. हाक मारण्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण त्या क्षणी कान बंद असतात.

मुद्दा असा की ‘फार उत्साही जात, दिवसभर दमवावी लागते’ हे जे सांगितले जाते, ते या कुत्र्याच्या बाबतीत अर्धेच खरे. कारवान दिवसाचा मोठा भाग लोळून काढतो. आपल्या घरी असला तर तो सोफाच अडवेल. त्याला लागते ते ताशी तीन-चार किलोमीटरचे रटाळ फिरणे नव्हे, तर मोकळ्या जागेत जीव तोडून काढलेली काही मिनिटांची पळ. मी पाहिलेल्या शहरी पाळणाऱ्यांपैकी बरेचजण साखळीला बांधून रस्त्यावरून तासभर फिरवतात आणि ‘एवढे फिरवूनही घर कुरतडतो’ अशी तक्रार करतात. साखळीवर तास काढून त्याची हौस भागत नाही.

त्याची मूळची हौस शिकारीची, आणि शिकार आता गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे : मारणे तर त्यात आलेच, पण पकडणे, हाकणे, कुत्र्यांकरवी पाठलाग करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही त्यात येते. ‘मी सोडला नाही, तो आपणहून पळाला’ ही सबब तिथे टिकणे कठीण. ससा, खोकड, काळवीट, चिंकारा यांच्या मागे कुत्री घालण्याची गावाकडची जुनी सवय अजून पुरती सुटलेली नाही आणि तिचे उदात्तीकरण करण्याचे मला कारण दिसत नाही. पाळणाऱ्याने एवढे मनाशी धरावे की या जातीतले मूळ काम काढून घेतले गेले आहे आणि त्या जागी काय ठेवायचे, हे त्यालाच ठरवायचे आहे.

निवडीकडे येऊ. पहिली अट म्हणजे पिल्लाचे आईबाप डोळ्यांनी पाहावेत. मोबाइलवरच्या फोटोवर पैसे पाठवू नयेत. २०१७ च्या कुत्रे प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, व्यवसाय करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते आणि कुत्री दीड वर्षाची होण्याआधी तिची पैदास करता येत नाही. जो विक्रेता ‘चाळीस दिवसांचं झालंय, घेऊन जा’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये. पिल्लू आईजवळ राहते त्या आठवड्यांत ते चावणे आवरायला, भावंडांशी कसे खेळायचे ते शिकते. आईचा स्वभाव पाहावा. कारवान अनोळखी माणसाला लगेच बिलगत नाही, दूर उभा राहून निरखतो, आणि हे जातीचे लक्षण आहे. पण लांब राहणे वेगळे आणि कोपऱ्यात थरथरत बसणे वेगळे. मुलांच्या घरात दुसऱ्या प्रकारची आई असलेले पिल्लू नको.

पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी साधारण पावणेदोन-दोन फुटांवर थांबत नाही, सव्वादोनच्याही वर जातो, आणि वजन मात्र पंचवीस किलोच्या आसपासच राहते. त्यामुळे एवढ्या उंचीवर चाळीस किलोचा ‘जातिवंत कारवान’ कुणी दाखवला, तर त्यात दुसरे रक्त आहे हे ओळखावे. बहुतेक वेळा ते ग्रेहाउंडचे किंवा ग्रेट डेनचे असते. अलीकडे करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने मुधोळ हाउंडची जात म्हणून अधिकृत नोंद केली आणि मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहेच. शक्य असेल त्याने अशा ठिकाणाहून किंवा वंशावळ ठेवणाऱ्या पाळणाऱ्याकडून पिल्लू घ्यावे. लष्करानेही मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी या जातीची पिल्ले मुधोळहूनच नेली.

कारवानची सर्वांत मोठी अडचण त्याच्या बरगड्यांची. निरोगी कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे दिसतात. शेजारी विचारतात, ‘खायला घालत नाही का हो?’ आणि संकोचून मालक भाकरीत तूप वाढवतो. जाडावलेला कारवान सांध्यांनी गेला म्हणून समजा. गावाकडे ज्वारी-मक्याच्या कण्या, दूध आणि अंडे यांवर ही कुत्री वाढली. त्यातून वाढत्या पिल्लाला प्रथिने कमी पडतात, म्हणून कण्यांना मांस, अंडी, कलेजी यांची जोड हवी किंवा वयानुरूप तयार खाद्य द्यावे. कांदा, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट विषारी. दिवसाचे खाणे एकदम न देता दोनदा द्यावे आणि खाल्ल्यावर लगेच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यात पोट फुगून त्याला पीळ पडू शकतो, आणि अशा वेळी डॉक्टर गाठायला तासही फार झाला.

पिल्लाला वर्षभर तरी दमवून पळवू नये. हाडांच्या टोकांची वाढ बारा ते अठरा महिन्यांपर्यंत चालू असते आणि एवढ्या वेगाने कोवळ्या हाडांना दुखापत होणे सोपे. त्या काळात माणसे, मुले, मांजर, कोंबड्या, मोटारसायकल यांची ओळख करून द्यावी. मांजराबरोबर वाढलेला कारवान घरातल्या मांजराला सहसा काही करत नाही, पण शेजारचे मांजर पळाले की मात्र भरवसा नको.

मोकळे सोडायचे ते बंदिस्त जागेतच. माणसाच्या उंचीची भिंत तो सहज ओलांडतो. डोके निमुळते असल्याने साधा गळपट्टा डोक्यावरून निघतो, म्हणून मानेवर ताण आला की आवळला जाणारा रुंद पट्टा घ्यावा. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने आठवड्यातून दोन-तीनदा एखाद्या मोकळ्या, कुंपण घातलेल्या मैदानाची सोय केली, तर कारवान तिथे सुखाने राहील. अशी सोय नसेल तर त्याने सरळ गल्लीतला एखादा गावठी कुत्रा घरी आणावा. माझ्या मते ती निवड अधिक शहाणपणाची आहे.

उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. ‘माळावरचा आहे, ऊन त्याला काय करणार’ हा समज घातक आहे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ग्रेहाउंडमध्ये एका शर्यतीनंतर ते ४१ पर्यंत चढल्याचे मोजले गेले आहे. पळताना हा कुत्रा स्वतः थांबत नाही, त्यामुळे थांबवण्याची जबाबदारी माणसाची. एप्रिल-मेमध्ये पहाटेच पळवावे, नंतर अंगावर पाणी घालावे आणि पंख्याखाली बसवावे. थंडीत चरबी नसल्याने त्याला गोणपाट तरी अंथरावे. कोपरांना घट्टे पडू नयेत म्हणून मऊ अंथरूण बारमाहीच असावे.

डॉक्टरांकडे जाताना ‘हा नजरेने शिकार करणाऱ्या गटातला कुत्रा आहे’ हे मालकाने आपणहून सांगावे. या गटाचे रक्त वेगळे असते. ग्रेहाउंडमध्ये तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट्स कमी, तर थायरॉइड संप्रेरकाची पातळीही कमी आढळते, आणि ती त्याच्यासाठी आजार नसते. साळुकीतही थायरॉइड कमी दिसते. नेहमीच्या तक्त्याशी ताडून पाहिले की कुत्रा निष्कारण आजारी ठरतो. उलट बाजूही आहे. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा एर्लिकियाचा ताप सर्रास आढळतो आणि त्यातही प्लेटलेट्स घटतात. म्हणून नुसत्या आकड्यावर न जाता ताप, मंदावलेली भूक, हिरड्यांचा फिकटपणा आणि नाकातून येणारे रक्त पाहावे, तपासणी करून घ्यावी. कुत्रा निरोगी असतानाच एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवावा, म्हणजे पुढे तुलना करता येते. भूल देण्याची वेळ आली तर थायोपेंटोनसारखे औषध टाळावे. यकृतातले संबंधित विकर कमी आणि औषध साठवायला चरबी नाही, त्यामुळे ग्रेहाउंड त्या भुलीतून फार उशिरा जागा होतो. डॉक्टरांना हे माहीत असतेच असे गृहीत धरू नये.

गावजत्रांतल्या श्वानशर्यतींनी या कुत्र्याला शिकारीऐवजी नवे काम दिले. दोरीला बांधलेले आमिष यंत्राने ओढले जाते, ससा मरत नाही आणि कुत्रा मन भरून पळतो. पण बक्षिसे वाढली तशी चुरस वाढली, आणि पाचशे मीटरच्या सरळ पट्ट्यात ग्रेहाउंड कारवानला मागे टाकतो. साहजिकच ग्रेहाउंडचे रक्त मिसळले जाऊ लागले. त्या पिल्लांना सुरुवातीचा वेग मिळाला. माळावरच्या कुत्र्याला मात्र वळणावळणाने, खडकाळ जमिनीवर, दिवसाच्या उन्हात टिकून पळायचे असते. दमवून सोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यती घेतल्या, तर कोण किती जातिवंत हे लवकर उघड होईल. आयोजकांनी हे मनावर घ्यायचे की नाही, हा बक्षिसाच्या रकमेचा प्रश्न आहे. पिल्लू घेणाऱ्याच्या हातात त्यातला एकच भाग येतो. शर्यत जिंकलेल्या बापाचे नाव ऐकून भुलायचे नाही. आई कुठे आहे ते विचारायचे, आणि ती दाखवली नाही तर उठून यायचे.