अन्ननलिकेची झडती

दारूच्या व्यसनाने जर्जर झालेला मनुष्य इस्पितळात दाखल झाला, की त्याच्या घरच्यांचेच नव्हे तर डॉक्टरांचेही लक्ष प्रथम यकृताकडे जाते, आणि ते अस्थानी आहे असेही नाही. परंतु ज्या वाटेने ती दारू वर्षानुवर्षे खाली उतरली, त्या वाटेची विचारपूस मात्र बहुधा राहूनच जाते. घास अडकू लागेपर्यंत अन्ननलिका फिर्याद करीत नाही, आणि करते तेव्हा कर्करोगाने तेथे ठाण मांडलेले असते.

जपानात योकोसुका येथील कुरिहामा रुग्णालयात, जेथे 1963 साली मद्यासक्तांसाठी त्या देशातील पहिला स्वतंत्र कक्ष उघडला गेला, तेथे अकिरा योकोयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा परिपाठ घातला की, व्यसन सोडण्यास आलेल्या रुग्णाला गिळण्याचा त्रास असो वा नसो, दुर्बीण घालून त्याच्या अन्ननलिकेच्या अस्तरावर आयोडीनचा द्राव फवारावयाचा. निरोगी पेशींतील ग्लायकोजेनमुळे अस्तर तपकिरी होते. बिघडलेल्या पेशींजवळ तो साठा नसल्याने त्या फिकट राहतात, आणि एरवी निष्णात नजरेलाही चुकविणारा डाग उघडा पडतो. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार अशा 1000 रुग्णांपैकी 36 जणांच्या अन्ननलिकेत कर्करोग आढळला. वरच्या थरातच सापडलेला रोग छाती न उघडता दुर्बिणीतून कापून काढता येतो.

मद्यार्कापासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य होते, आणि त्याची विल्हेवाट लावणारे विकर पूर्व आशियातील पुष्कळांत जन्मतःच दुबळे असते. अशांचा चेहरा पेलाभर बिअरनेही लाल होतो. बहुतेक जण तेवढ्यावरच हात आखडतात, पण जे वरिष्ठांच्या आग्रहाखातर वा सवयीने पीतच राहतात, त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी अधिक. म्हणून तेथे डॉक्टर विचारतात, चेहरा लाल होतो काय. आणि लगेच, पिऊ लागल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत होत असे काय? माझ्या मते खरी मख्खी या दुसऱ्या प्रश्नात आहे, कारण सरावाने लाली ओसरते, विष ओसरत नाही.

आपल्याकडे हे दुबळे विकर विरळा. पण दारूच्या जोडीला तंबाखू असली, की ते समाधान फारसे टिकत नाही.

ज्याच्या अस्तरावर फिकट डाग अनेक, त्याच्या घशातही असाच रोग उद्भवण्याचा संभव असतो. म्हणून दुर्बीण आत जाता-येता घसाही न्याहाळावा लागतो, आणि डाग काढल्यावरही, दारू सुटलेली असली तरी, पुन्हा ठराविक मुदतीने तपासणीस हजर राहावे लागते.