घाट संपण्याआधीच बॅटरी भरते तेव्हा

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला जाताना गाडी चाळीसेक किलोमीटरमध्ये बाराशे मीटरहून जास्त खाली उतरते. माणसांसकट 1,700 किलो भरणारी गाडी एवढ्या उतारात सुमारे साडेपाच युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी करते. वारा आणि टायर यांनी त्यातली निम्मी खाल्ली असे धरले, तरी उरलेली कुठेतरी जिरवावीच लागते.

ती सगळी बॅटरीत जाईल, असा बहुतेक हायब्रिडवाल्यांचा समज असतो. सुरुवातीला बरीचशी जातेही. ब्रेकवर हलका पाय ठेवला की मोटरच जनित्र होते. चाके तिला फिरवतात, वीज तयार होते, गाडी मंदावते. ब्रेक पॅडना फारसे काम उरत नाही. पण ही बॅटरी इलेक्ट्रिक गाडीसारखी मोठी नसते. टोयोटा प्रियसच्या जुन्या पिढ्यांत ती जेमतेम 1.3 युनिटची होती आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून त्यातलाही साधारण निम्माच भाग वापरात येतो. प्रतापगडाचा फाटा येण्याआधीच ती भरू शकते.

मग गाडी दुसरा मार्ग धरते. चाकांकडून आलेली वीज दुसऱ्या मोटरला दिली जाते आणि ती मोटर इंजिन फिरवते. पेट्रोलचा थेंबही जळत नाही. सिलिंडरमधली हवा दाबण्यात आणि घर्षणात ऊर्जा जिरते. आवाज मात्र एकदम चढतो. गाडी बिघडली असे वाटून अनेक जण इथेच दचकतात.

गिअरच्या दांड्यावरचा ‘बी’ याच कामासाठी आहे. आपले जुने चालक गाडी ‘गिअरवर उतरवतात’, तेच इथे होते. सपाट रस्त्यावर मात्र ‘बी’ लावू नये. बॅटरीत जाऊ शकणारी ऊर्जा त्यामुळे वाया जाते आणि मायलेज घटते. निसरड्या रस्त्यावरही तो अचानक टाकू नये.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणे तर सर्वांत वाईट. न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही, इंजिनही गाडीला धरत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापत गेले की त्यांची पकड सुटू लागते, ब्रेक ऑइल उकळले तर पेडल थेट खाली जाते. म्हणून बॅटरीचा काटा भरत आला की ‘बी’ टाका, आणि इंजिन कितीही ओरडले तरी उतार संपेपर्यंत तो काढू नका.