बेहालाची तहान आणि चिकणमातीचा थर

कोलकात्याच्या दक्षिणेला असलेले बेहाला १९८४ साली महानगरपालिकेत आले. त्याआधी तिथे वेगळी नगरपालिका होती आणि घरोघरची भिस्त कूपनलिकांवर असे. आता हुगळी नदीचे पाणी गार्डन रीचच्या केंद्रात शुद्ध होऊन नळाला येते. पण ते कमी पडले, की जोडीला काय, हा प्रश्न उरतोच.

सर्वांत जवळचा उपाय पायाखालचा. बोअर पाडली, मोटर बसवली, काम झाले! बेहालाला मात्र या सोयीची किंमत ठाऊक आहे. इथल्या वस्तीतला एक कारखाना ‘पॅरिस ग्रीन’ हे आर्सेनिकयुक्त कीटकनाशक बनवत असे. त्याचे सांडपाणी बाहेर सोडले जाई आणि ते विष आसपासच्या कूपनलिकांत उतरले. जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांचा यावरचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. बंगालच्या इतर जिल्ह्यांत आर्सेनिक गाळातूनच पाण्यात सुटते. इथे ते माणसाने ओतले होते. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळले तर ते जात नाही, उलट थोडे दाटते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे धोका जिभेला कळायचा नाही, प्रयोगशाळेलाच कळायचा.

मग पाऊस जिरवावा का? आपल्याकडे सोसायटीच्या आवारात शोषखड्डा खणतात, तसा? कोलकात्याखाली चिकणमातीचा जाड थर आहे, काही ठिकाणी चाळीस मीटरचा. पाणी धरणारी वाळू त्याच्याखाली. खड्ड्यात पाणी नुसते साचून राहील. थर भेदून नलिकेने ते आत सोडता येते, पण गाळणी चुकली तर रस्त्याची घाणही त्याच वाटेने खाली जाते. मला हा मार्ग धोक्याचा वाटतो.

नदीचे पाणी वाढवणे हाच मुख्य आधार. हुगळीला इथे भरती-ओहोटी आहे, उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी वर सरकते. १९७५ साली फराक्का बंधाऱ्यातून गंगेचे पाणी हुगळीकडे वळवले, तेव्हापासून खारे पाणी बरेच मागे हटले.

जोडीला छतावरचा पाऊस उत्तम. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला १६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि वीस टक्के वाया गेला, तरी १ लाख २८ हजार लिटर हाती लागतात. सगळे साठवायला टाकी कुठून आणणार? पण पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांना ६ हजार लिटरची टाकी पुरते. पहिल्या सरींचे पाणी मात्र सोडून द्यायला हवे, आणि पुढचे गाळून, निर्जंतुक करून वापरायला हवे.

कूपनलिका अडीअडचणीपुरती ठेवावी. आणि ती बेहालाची असो वा आपल्या गावची, तिचे पाणी ओंजळीत घेण्याआधी एकदा तपासून घ्या.